गणित कुणी सोडलं

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या घरी आम्ही राहायला गेलो तेव्हा सामान अजून अंगणातच पडलेलं होतं. आई नव्या स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारत होती, बाबा रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते, आणि मी मधल्या रिकाम्या खोलीत उभी राहून आपली कॉट कुठल्या भिंतीला लावायची याचा विचार करत होते. तेवढ्यात एका भिंतीतूनच आवाज आला. मुलीचा आवाज, माझ्याच वयाचा. 'सोडियम वन, कॅल्शियम टू, ॲल्युमिनियम थ्री' असं ती पाठ म्हणत होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा आवाज थोडा वर जायचा, समोर बसलेल्या कुणाला तरी 'बरोबर?' असं विचारल्यासारखा. मग ती थांबायची. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचं काही ऐकू यायचं नाही, पण तिला मात्र ऐकू येत असावं, कारण ती समाधानानं पुढच्या ओळीला लागायची. मी कॉट त्याच भिंतीला लावली. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, नव्या गल्लीत ओळखीचं कुणी नव्हतं, आणि पलीकडे एक मैत्रीण आयतीच मिळाली असं मला वाटलं.

घर वकीलकाकांचं. त्यांचे वडील वकील, आजोबा वकील, आणि तेही वकील. पुढच्या भागात ते राहत, मागचा भाग त्यांनी आम्हाला भाड्यानं दिला होता. पुढच्या ओसरीवर सकाळी पक्षकार येऊन बसत, त्यांच्याशी काका दख्खनी उर्दूत बोलत, आमच्याशी मराठीत, आणि दोन्हीकडे सारखंच हळू. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे उलट, सगळा आवाजच आवाज. आई परभणीकडची, तिच्या भाकरीच्या थापा गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायच्या. अंबाडीची भाजी ती कुस्करून लसणीच्या फोडणीत टाकायची तेव्हा शेजारच्या तेलुगू बायका खिडकीतून विचारायच्या, "गोंगुरा ना, वहिनी?" रविवारी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा, सोबत तळलेले पापड, आणि ते मोडण्याचा आवाज. मी बाहेरून आले की मागच्या दाराची कडी वाजवून पहिल्यांदा ओरडायची, "आई, पाणी!" आई न बघता म्हणायची, "माठातलं घे." हे इतकं रोजचं होतं की त्याला बोलणं म्हणावं असंही कधी वाटलं नाही.

बाबा सरकारी कचेरीत हिशेबाच्या खात्यात होते. शांत माणूस. पण त्या उन्हाळ्यात त्यांना एकच ध्यास लागला होता. दहावीनंतर ग्रुप निवडायचा असतो हे हैदराबादेतल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. गणित घेऊन एमपीसी केलं की इंजिनियरिंगकडे, जीवशास्त्र घेऊन बायपीसी केलं की मेडिकलकडे. बाबांनी स्वतः विचार न करता आर्ट्स घेतलं होतं आणि त्याचं दुःख ते टिफिनच्या डब्यासारखं रोज कचेरीत घेऊन जात. "एक विषय सोडला की एक रस्ता बंद होतो, वसू," ते म्हणायचे. "आपण रस्ता बंद करायचाच नाही." त्यांनी शोध काढला होता की शहरात एक कॉलेज आहे, तिथं बायपीसीला जोडून गणितही घेता येतं. तास जास्त, परीक्षा जास्त, पण दोन्ही दारं उघडी. मला विचारलं तेव्हा मी "हौ, चालेल" म्हटलं. मला झाडंपानं आवडायची, गणित आवडायचं नाही, पण तसं म्हणायला लागतं हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर न निवडण्यात फार सुख होतं. सगळंच आपलं, आणि आत्ताच काही करायला नको.

आज कुकटपल्लीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी नात याच वयाची आहे. तिच्या कोचिंगवाल्यांचे फोन येतात, तक्ते येतात, आणि ती मला तिच्या तेलुगू-इंग्लिश-मराठीच्या खिचडीत विचारते, "अज्जी, ऑप्शन्स ओपन ठेवायला काय घेऊ?" हे मी लिहितेय ते तिला वाचता येणार नाही. मराठी अक्षरं ती दुकानाच्या पाटीसारखी एकेक करून वाचते. कधीतरी मीच वाचून दाखवीन. तिच्या त्या प्रश्नामुळेच हे सगळं वर आलं.

तर तो आवाज. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की तो नुसतं केमिस्ट्री म्हणत नाही. दिवेलागणीला सुरू व्हायचा. एक दिवस बेडकाच्या पोटातल्या नळ्या, दुसऱ्या दिवशी वर्तुळाची प्रमेयं, तिसऱ्या दिवशी मागणी आणि पुरवठा, मग बँकेचं व्याज, मग पार्लमेंटचे अधिकार. एकाच मुलीला इतके विषय कुठल्या शाळेत असतात? बाबा आमच्या मागच्या ओसरीत पेपर बाजूला ठेवून ऐकायचे. "बघ," ते मला म्हणायचे, "याला म्हणतात अभ्यास." पण ती मुलगी शाळेत जाताना कधी दिसायची नाही, येताना दिसायची नाही, फाटकाशी कुणी मैत्रीण तिला हाक मारायची नाही. फक्त मागच्या अंगणातल्या दोरीवर, काकांच्या धोतरांच्या शेजारी, दोन रुंद रिबिनी वाळत असायच्या. कधीकाळी निळ्या असाव्यात. धुऊन धुऊन राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या.

मग एका दुपारी आईनं वाटीभर खट्टं वरण देऊन मला पुढच्या घरात पाठवलं. काका कोर्टात गेले होते. मी दारातून हाक मारली आणि आतून तोच आवाज म्हणाला, "आले, आले, थांब हं." मी हसतच उभी राहिले. पडदा सरला आणि एक बाई बाहेर आली. दोन वेण्या, वर दुमडून कानाशी बांधलेल्या, त्या रिबिनींनी. भांगाजवळ केस पांढरे. तोंडाभोवती सुरकुत्या. चाळिशी उलटलेली असेल. मी तिच्या मागे बघत राहिले, मुलगी कुठं आहे म्हणून. बाईनं वाटी घेतली, वास घेतला आणि माझ्या वयाच्या आवाजात म्हणाली, "तू मागची ना? कोणता ग्रुप घेणार?"

मी म्हटलं, बायपीसी आणि गणित.

"छान," ती म्हणाली. "मी पण सगळे घेतलेत. मी इंदू."

आईला गल्लीतून कळलं ते असं. इंदू ही वकीलकाकांची धाकटी बहीण. शाळेत पहिली येणारी. तिच्या वडिलांना वाटायचं, एवढ्या हुशार पोरीनं आत्ताच का ठरवावं? आधी एमपीसी करू दे. ते झालं तर बायपीसीही बाहेरून करू दे, मेडिकलचं दार उघडं राहील. तेही झालं. मग कॉमर्सचा ग्रुप, कारण पुढं वकिली करायची म्हटली तर उपयोगी. स्थळं येत होती, वडील म्हणत, एवढी परीक्षा होऊ द्या. रोज दिवेलागणीला ते समोर बसून तिचं पाठांतर घ्यायचे. एका वर्षी ते बसल्या जागी गेले. भावानं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही, आणि दिवेलागणीचं पाठांतर तेवढं चालू राहिलं. "वेडी नाही म्हणतात," आई म्हणाली. "सगळं कळतं तिला. फक्त पुढं सरकली नाही." एवढं बोलून तिनं पिठाच्या परातीत जोरात हात घातला. आई अशी कधी एखाद्याबद्दल बोलून गप्प व्हायची नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

बाबांना मात्र या सगळ्यात एकच दिसलं: शेजारी फुकटची मास्तरीण. निकाल लागला, मार्क चांगले पडले, आणि कॉलेज सुरू होईपर्यंत मी रोज दुपारी इंदूकडे जाऊन बसायचं ठरलं. तिला 'आत्या' म्हटलं तर ती हसायची, "अगं, मला इंदू म्हण ना." ते माझ्या तोंडून येईना. शेवटी मी इंदूताई म्हणू लागले.

तिची खोली आमच्या भिंतीच्या पलीकडची. कापूर आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. खिडकीत काचेच्या ग्लासात कांदे, पाण्यात पांढरी मुळं सोडलेले. भिंतीवर घड्याळ नाही, कॅलेंडर नाही. आणि समोरासमोर दोन खुर्च्या. मी पहिल्या दिवशी समोरच्या खुर्चीत बसायला गेले तर ती घाईनं म्हणाली, "तिथं नको, इकडं ये," आणि मला आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. आम्ही दोघी त्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून शिकायचो. शिकवायची मात्र अशी की काय सांगू. कांद्याच्या मुळाचं टोक ब्लेडनं कापून भिंगाखाली धरायची आणि म्हणायची, "बघ, इथं वाढतं. बाकी सगळं नुसतं लांब होतं." गणितही ती तितक्याच प्रेमानं शिकवायची, पण माझं मन त्या ग्लासांकडे जायचं. तिच्या ते लक्षात यायचं.

मी एकदा विचारलं, "इंदूताई, तुम्ही पुढं काय करणार?"

"मेडिकल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "किंवा इंजिनियरिंग. अजून ठरवलं नाही. वेळ आहे." आणि खुर्चीकडे बघून विचारल्यासारखं तिनं भुवया उंचावल्या. मीही नकळत खुर्चीकडे बघितलं. उन्हाळ्यातली दुपार, पंखा बंद, बाहेर एक कावळासुद्धा नाही. माझ्या पाठीवरून घामाचा थेंब ओघळला तो गार लागला.

आम्ही एका सुरात पाठ म्हणायचो. तिला तसं आवडायचं. काही दिवसांनी आमचे आवाज असे मिसळू लागले की मी मध्येच थांबले तरी माझंच चालू आहे असं मला वाटायचं. तिनं माझी बोलण्याची तऱ्हा उचलली, शब्द तोडायची, 'हौ' म्हणायची, सगळी. वाक्याच्या शेवटी वर जाणारा आवाज माझ्याकडे आला. ती मला बारीकसारीक विचारायची. सकाळी उठल्यावर आधी काय करतेस? रागावलीस की जेवतेस का? घरी आल्यावर पहिला शब्द कोणता? मी म्हटलं, "आई, पाणी!" तिनं ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा इतकं हुबेहूब आलं की मी हसले, आणि हसता हसता उठून घरी गेले. अजूनही कुरिअरवाला फोनवर माझा आवाज ऐकून म्हणतो, "बेटा, घर में कोई बडे हैं क्या?" नात त्याची नक्कल करते आणि सगळे हसतात. मी फोन ठेवून पाणी प्यायला उठते.

कॉलेजची फी भरायची वेळ जवळ आली. बाबा आधीच तिथं कुणाकुणाला भेटून गणिताची परवानगी काढून आले होते. एका सकाळी आम्ही दोघं सुलतान बाजारात जुनी पुस्तकं घ्यायला गेलो. बाबांनी गणिताची पुस्तकं निवडून निवडून घेतली, पानं मोजल्यासारखी उलटून बघितली, आणि मला बसमध्ये बसवून ते तसेच कचेरीत गेले. मी पुस्तकांची पिशवी घेऊन एकटी परतले. ऊन डोळ्यांवर येत होतं. मागच्या अंगणात शिरले, कडीला हात लावणार, इतक्यात आतून माझा आवाज आला.

"आई, पाणी!"

मी तिथंच उभी राहिले. हात कडीपाशी तसाच. आतून आईचं नेहमीसारखं, "माठातलं घे." ओगराळ्याचा आवाज, पाणी पिण्याचा आवाज. भाकरीची थाप चालू होती. मग ती थांबली, आणि आई बोलू लागली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"हे बघ बाळा. सगळं धरून ठेवलं की हात रिकामा राहत नाही. जे आवडतं ते एक घे. बाकीचं सोडून दे. सोडल्यानं कुणी मरत नाही. घरातले काही बोलले तर मी आहे, मी बघून घेते. पण घे. घेतल्याशिवाय राहू नकोस."

मला आत जायचं होतं. आपल्याच घरात, आपल्याच आवाजात कुणीतरी आपल्या आईचं बोलणं ऐकून घेत होतं, आणि मी बाहेर पिशवी धरून परक्यासारखी उभी. एक क्षण मला खरोखरच शंका आली की आत आहे ती मी आहे. मग मी आहे ती कोण? शेवटी कडी वाजवली. आत गेले तर आई एकटीच, पाठमोरी, तव्यावर भाकरी टाकत होती. मधल्या दारातून पलीकडे जायची वाट होती, ते दार अजून हलत होतं.

"आई, आत्ता कोण आलं होतं?"

"कोण येणार?" ती मागं न वळता म्हणाली. "तूच तर आलीस."

ते शब्द माझ्या मनात फिरत राहिले. आईनं मला सांगितलं होतं, की गणित सोड, मी बाबांना बघते. पण ते मिळालं होतं दुसऱ्याच कुणाला. माझं ताट वाढून झालं होतं आणि माझ्या पाटावर बसून कुणीतरी जेवून गेलं होतं. आता मी कुठल्या तोंडानं आईकडे जाऊन ते पुन्हा मागणार? त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे आवाज नव्हता. बाबा म्हणाले, "आज अभ्यासाला सुट्टी दिसते." दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर खोली बंद. काका त्या वेळी कधी घरी नसत, पण ते पायरीवर बसले होते, चेहरा उतरलेला. "इंदू बाहेर गेली," ते म्हणाले. "एकटी. बसनं." इतक्या वर्षांत ती फाटकाबाहेर गेली नव्हती. ते मला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं. ऊन उतरल्यावर ती परत आल्याचं फाटकाच्या आवाजावरून कळलं. पाठांतर त्याही दिवशी झालं नाही. मी भिंतीला कान लावून पडले होते. पलीकडे कुणीतरी तसंच कान लावून असेल असं वाटून मी कॉट पुढं ओढली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा घेतली आणि आम्ही कॉलेजात गेलो. कचेरीची खिडकी म्हणजे जाळीतलं एक लहान भोक, हात जाईल एवढं. आतल्या माणसानं बाबांचं नाव, माझं नाव विचारलं आणि फी सांगितली. बाबांनी मोजायच्या आधी विचारलं, "मैथ्स मिलाके ना?"

"नहीं साब, मैथ्स तो निकाल दिए."

"किसने निकाल दिए?"

"आपकीच बच्ची कल आई थी ना. बोली, मैथ्स नक्को. नाम, मार्क, सब बराबर बोली. मैं पूछा, अब्बा को मालूम है क्या? बोली, अम्मी को मालूम है." मग त्यानं वाकून भोकातून माझ्याकडे बघितलं. "यहीच ना? आवाज याद है मेरेकू. चेहरा तो इसमें से क्या दिखता."

बाबा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा रस्ता चुकलेल्या माणसासारखा झाला होता. "वसू, तू आली होतीस इथं?"

मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर गणित परत आलं असतं, बाबांचा चेहरा जागेवर आला असता, दोन्ही रस्ते उघडे राहिले असते, आणि मला अजून काहीच ठरवावं लागलं नसतं. मागं रांगेतली मुलं धक्के देत होती. मी म्हटलं, "हौ. मीच आले होते."

"का पण?"

"मला गणित नको, बाबा. मला झाडांचं शिकायचंय."

आणि हे म्हणत असतानाच मला आठवू लागलं. आदल्या दिवशीची ती खिडकी, जाळीचा गंज बोटाला लागलेला, आतल्या माणसाच्या कपाळावरचा घाम, परतीच्या बसमधली खिडकीजवळची जागा. मी तिथं नव्हते हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ते आठवतं, आजही आठवतं. बाबांनी पैसे मोजले, एकदाच नाक ओढलं, आणि पावती न वाचताच खिशात घातली. पुढं कित्येक महिने आमच्यात एक न सोडवलेलं गणित असल्यासारखं राहिलं. मी नोकरीला लागले तेव्हा कुठे ते हसत हसत लोकांना सांगू लागले, "आमच्या पोरीनं स्वतः जाऊन गणित कापलं."

घरी आल्यावर मी सरळ इंदूताईकडे गेले. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ती सतरंजीवर बसली होती. केस मोकळे, खांद्यावर पसरलेले, निम्मेअधिक पांढरे. समोरची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवलेली होती.

"तुम्ही माझ्या नावानं का गेलात?" मी म्हटलं.

तिनं तोंड उघडलं आणि मी मागं सरकले. तो आवाज नव्हता. खरखरीत, थकलेला, तिच्याच वयाच्या बाईचा आवाज होता. तो मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला वाटतं तीही पहिल्यांदाच ऐकत होती, कारण पहिल्या शब्दाला ती स्वतःच दचकली.

"तुझ्या आईनं सांगितलं," ती म्हणाली. "मी पाणी प्यायला गेले होते. एवढंच बघायचं होतं, ती मला 'माठातलं घे' म्हणते का. तर ती बोलायला लागली. एक घे म्हणाली. बाकीचं सोड म्हणाली. मी आहे म्हणाली." तिनं हात मांडीवर उलटे ठेवून तळव्यांकडे बघितलं. "मला वाटलं, मलाच म्हणतेय. अख्खा दिवस मला तसंच वाटत राहिलं. केवढा आनंद झाला होता मला, वसू. मग ध्यानात आलं, तिनं ओ तर तुझ्या आवाजाला दिली. ते तुझं होतं. दुसऱ्याचं असं ठेवून घेता येतं का? तू कांद्याकडे कशी बघायचीस ते मी बघितलंय. म्हणून नेऊन पोचवलं."

मला तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी दारातच उभी होते. ती म्हणाली, "जा आता. आई वाट बघत असेल."

त्यानंतर तो मुलीचा आवाज कधी आला नाही. दिवेलागणीला भिंतीपलीकडे शांतता असायची आणि तिची सवय व्हायला मला आवाजापेक्षा जास्त वेळ लागला. पुढच्या वर्षी बाबांना सरकारी क्वार्टर मिळालं आणि आम्ही नल्लकुंटा सोडलं. मी डॉक्टर झाले नाही. बॉटनी केलं, आणि बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि कोणता मोड धरतो, कोणता नुसताच फुगून राहतो ते बघायचं. मला ते काम फार आवडलं. इंदूताई गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची असं कानावर यायचं. सगळे विषय. स्वतःसाठी तिनं त्यातला एकही उचलला नाही. काका गेल्यावर घर विकलं गेलं आणि ती एका लांबच्या भाच्याकडे जाऊन राहिली. मी दोनदा भेटायला गेले. ओळखायची, झाडांचं विचारायची.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा आई माझ्याकडेच होती. नव्वदीला टेकलेली, पण बसून शेंगा सोलायची. मी तिला सांगितलं. तिचा हात जरा थांबला. मग मी बोलून गेले, जे इतक्या वर्षांत बोलले नव्हते: त्या दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलेली मी नव्हतेच, आई. इंदूताई होती. तू मला म्हणून जे सांगितलंस ते तिनं ऐकलं.

आई माझ्याकडे बघतच राहिली. "मला काय ठाऊक नव्हतं?" ती म्हणाली. "तू यायचीस ती धाडधाड पाय आपटत. ती आली ती भिंतीला धरून धरून, चोरासारखी. पाठ होती माझी म्हणून काय झालं, आईला पोरीची पावलं कळत नाहीत? तिलाच सांगितलं मी ते."

"मला नाही?"

"तुला कशाला? तू तर बाबांचं ऐकून खुशीत होतीस. तुला चार वर्षांनी सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अन् तोंडावर सांगितलं असतं तर बिचारी लाजून मेली असती. तुझ्या आवाजात आली, म्हटलं, बरं झालं, तसंच सांगून टाकू." आईनं एक शेंग उचलली, सोलली नाही. "एवढं जीव तोडून बोलले होते मी. मग? काय घेतलं तिनं शेवटी?"

खाली रस्त्यावर संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. आईला हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून मी तिच्या कानाशी वाकले.

"घेतलं नाही, आई," मी म्हटलं. "तिनं ते मला आणून दिलं."